वसंत देसाई : तबकडीत न मावलेले संगीत

हिंदी भाषक प्रांतांतील शाळांमधून सकाळच्या प्रार्थनेला जी गीते म्हटली जातात, त्यांत दोन गीते चित्रपटांतून आलेली आहेत. एक 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटातले, दुसरे 'गुड्डी' (१९७१) मधले. पहिले पंडित भरत व्यासांनी लिहिले आणि लताबाईंनी गायिले. दुसरे गुलजारांनी लिहिले आणि वाणी जयराम यांनी गायिले. आमच्या भोपाळात तरी ही गीते न ऐकता शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी विरळाच. परंतु या दोन्ही प्रार्थनांना चाल लावणारा माणूस एकच होता आणि तो कोकणातला मराठी माणूस होता, हे विद्यार्थ्यांना तर नाहीच, बहुतेक शिक्षकांनाही ठाऊक नसते. मुख्याध्यापक या नात्याने मी हा प्रश्न अनेकदा विचारून पाहिला आहे. उत्तर येते, "सर, पिक्चरमधले आहे."

त्या माणसाचे नाव वसंत देसाई. जन्म ९ जून १९१२, सावंतवाडी संस्थानातील कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. मृत्यू २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत, लिफ्टच्या अपघातात. त्यांच्या मृत्यूला आता पन्नास वर्षे होऊन गेली. या काळात जुन्या संगीताच्या दर्दी मंडळींची एक मागणी सतत कानी येत राहिली आहे की, देसाईंचे संगीत नीट जमवून पुन्हा प्रकाशित व्हावे. मागणी रास्तच आहे. पण नेमके काय पुन्हा प्रकाशित व्हावे, याचा विचार त्या मागणीत क्वचितच दिसतो. 'त्यांची पन्नास गाणी एका संचात द्या' एवढ्यावर ती थांबते. माझे म्हणणे असे की, पन्नास गाण्यांच्या संचातून वसंत देसाई आपल्या हाती लागणार नाहीत. त्यांचे अर्धे काम मराठीच्या कप्प्यात आहे, अर्धे हिंदीच्या. आणि जे त्यांचे खास स्वतःचे, ते कधी तबकडीवर आलेच नाही.

देसाईंची जडणघडण समजून घेतल्याशिवाय हे ध्यानात येणार नाही. कोवळ्या वयात ते कोल्हापूरच्या प्रभात कंपनीत दाखल झाले. पडेल ते काम करायचे, छोट्या भूमिका करायच्या, कोरसात गायचे आणि संगीत विभागात मदत करायची, असा तो काळ. प्रभातमध्ये त्यांना तीन मोठे संगीतकार जवळून पाहायला मिळाले : गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव. टेंब्यांकडे नाट्यसंगीताचा ठेवा होता, मास्टर कृष्णरावांकडे रागदारीतला खेळकरपणा होता, आणि केशवरावांकडे चित्रपट या माध्यमाचे भान होते. केशवरावांच्या संगीताचा 'कुंकू' (१९३७) पाहिलेल्यांना आठवत असेल की, त्या चित्रपटात पार्श्वसंगीत म्हणून वाद्यवृंद वाजतच नाही. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज असतील तेवढेच. संगीत कुठे वाजवू नये, हा धडा ज्या कंपनीत गिरवला गेला, त्या कंपनीत देसाईंची उमेदवारी झाली. पुढे १९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर उभे केले. त्यांच्याबरोबर देसाईही गेले. 'शकुंतला' (१९४३) पासून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'दहेज' (१९५०), 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) आणि 'दो आँखें बारह हाथ' अशी ती वाटचाल आहे.

आता तबकडीचा प्रश्न पाहू. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. चित्रपटातले गाणे पाच मिनिटांचे असले तरी तबकडीसाठी ते कापून किंवा वेगळे गाऊन बसवावे लागे. म्हणजे गाण्याच्या आधीची सुरावट, मधला नाच, शेवटी विरत जाणारे स्वर हे सारे बाहेरच राहिले. आणि पार्श्वसंगीत? ते विकत कोण घेणार, या हिशेबाने त्याचा विचारही झाला नाही. पुढे लांब पल्ल्याच्या तबकड्या आल्या, ध्वनिफिती आल्या, सीडी आल्या. पण प्रत्येक वेळी जुन्या तबकडीवर जे होते तेच नव्या वेष्टनात आले. त्यामुळे ज्याला आपण 'पुनर्प्रकाशन' म्हणतो, ते बहुधा त्याच वेच्याची पुनरावृत्ती असते.

ज्या संगीतकारांचे सारे बळ गाण्याच्या मुखड्यात होते, त्यांचे यात फारसे बिघडले नाही. देसाईंचे बिघडले. कारण त्यांचे संगीत प्रसंगाला धरून चालते. 'झनक झनक पायल बाजे'चे शीर्षकगीत इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी अडाण्यात गायिले आहे. आलापीच्या संथ चालीसाठी ख्यातकीर्त झालेल्या या गवयाकडून देसाईंनी थोडक्या मिनिटांत द्रुत, तेजस्वी अडाणा काढून घेतला, हीच मोठी गोष्ट. पण तो चित्रपट नृत्याचा आहे. गोपीकृष्ण आणि संध्या यांच्या नृत्यांसाठी जी दीर्घ वाद्यरचना केली आहे, तिच्यात पंडित सामताप्रसादांचा तबला आहे. याच चित्रपटातील एका प्रसंगाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचे संतूर आले. त्या वेळी काश्मीरबाहेर हे वाद्य फारसे कोणाला ठाऊकही नव्हते. संतूरच्या इतिहासातला एवढा महत्त्वाचा क्षण चित्रपटाच्या फितीवर आहे, पण गाण्यांच्या संग्रहात तो शोधून सापडणार नाही.

याला एक विनोदी पार्श्वभूमीही आहे. १९५२ पासून केंद्रात नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे होते. चित्रपटसंगीत उथळ झाले, त्यात आपले रागसंगीत राहिले नाही, या भूमिकेतून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. नेमक्या याच पाच वर्षांत दुसरा एक मराठी माणूस मुंबईत बसून अमीर खाँ, सामताप्रसाद यांना चित्रपटात आणत होता! केसकरांना जे हवे होते ते ज्याने करून दाखवले, त्याचाही समावेश त्या बंदीत आपोआप झाला.

'दो आँखें बारह हाथ'कडे येऊ. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग हे या चित्रपटाचे बीज; कथा ग. दि. माडगूळकरांची. सहा खुनी कैदी, एक तुरुंगाधिकारी आणि ओसाड माळ. या रखरखाटात संगीताला जागा तरी कोठे? देसाईंनी ती बेताने शोधली. खेळणी विकणाऱ्या चंपाबरोबर लोकगीताचा ठेका येतो, पावसाबरोबर घनगर्द आनंद येतो, अंगाईत घराची आठवण येते आणि प्रार्थनेत माणसाच्या मनातली भीती बोलते. प्रत्येक गाणे त्या माळावर काही तरी उगवल्यासारखे येते. सुटे ऐकले तर ही पाच गाणी वेगवेगळ्या जातींची वाटतात. चित्रपटात ऐकली तर एकाच झाडाच्या फांद्या वाटतात. त्यांना जोडणारा जो बुंधा, तो पार्श्वसंगीतात आहे. संच काढणारे फांद्या देतात आणि बुंधा ठेवून देतात, ही माझी तक्रार आहे.

प्रार्थनेविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्या बाबतीत मला रोजचा अनुभव आहे. भैरवीच्या अंगाने जाणारी ही चाल हार्मोनियम बंद पडला तरी, तबला नसला तरी, बेसूर मुलांच्या गळ्यातूनही ओळखू येते. 'गुड्डी'तली प्रार्थना केदारात आहे. केदारातला दोन मध्यमांचा व्यवहार शिकवायला संगीतशिक्षकाला महिने लागतात. इथे तो मुलांच्या गळ्यात नकळत उतरतो. चित्रपटातही ती शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीच येते. म्हणजे पडद्यावरची शाळा आणि प्रत्यक्षातली शाळा यांत अंतर राहू नये, अशा बेताने ती रचली आहे. राग सोपा न करता गाणे सोपे करणे फार थोड्यांना जमले आहे. 'आशीर्वाद' (१९६८) मध्ये खंडव्याच्या अशोककुमारांनी स्वतः म्हटलेले आगगाडीचे गाणे घ्या. हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांच्या त्या शब्दांत गाडीची लय आधीच आहे हे ओळखून संगीतकार बाजूला सरकला आहे. 'कुंकू'च्या कंपनीतला धडा तीस वर्षांनी असा उपयोगी पडला.

या धड्याची कसोटी लागली ती दोन अवघड चित्रपटांत. 'यादें' (१९६४) मध्ये पडद्यावर सुनील दत्त हे एकच पात्र. बाकीची माणसे आवाजातून, छायेतून यायची. अशा ठिकाणी संगीत हे जवळजवळ दुसरे पात्र होऊन बसते. गुलजारांच्या 'अचानक' (१९७३) मध्ये तर एकही गाणे नाही. गाणे नाही म्हणून गाण्यांच्या कोणत्याही संग्रहात या चित्रपटाला जागा नाही. देसाई त्या वेळी साठी ओलांडलेले होते. तीन दशके चाली बांधणाऱ्या माणसाने गीताविना चित्रपट स्वीकारला, याचा अर्थ आपले खरे काम कोठे आहे हे त्यांना पुरते उमगले होते. आणि आपण त्यांचे जे काम जपतो आहोत, त्यात नेमके हेच नाही.

आता भाषेच्या कप्प्यांकडे वळू. हा अंक ज्या जिल्ह्यांत वाचला जाईल तेथील मराठी घरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी. आजीचे गाणे एका भाषेत आणि नातवाची प्रार्थना दुसऱ्या. आपण दोन्हीकडचे असतो, आणि यादी करणारे आपल्याला कोठल्या तरी एकाच रकान्यात भरतात. देसाईंचे तेच झाले. मराठी रसिकाला विचारा : तो 'श्यामची आई' (१९५३) सांगेल, 'अमर भूपाळी' सांगेल, 'मोलकरीण' सांगेल, विद्याधर गोखल्यांचे 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) सांगेल. कधी कधी वसंत पवार आणि वसंत प्रभू यांची गाणीही चुकून त्यांच्याच खात्यावर टाकील! हिंदी रसिकाला विचारा : तो 'गूँज उठी शहनाई' (१९५९) आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांचे नाव घेईल. दोघांची यादी एकमेकांना ठाऊक नाही. अलीकडे घरोघर दिसणारे, जुनी गाणी भरलेले 'कारवाँ' नावाचे यंत्र घ्या. हिंदी गाण्यांचे वेगळे, मराठी गाण्यांचे वेगळे. दोन्ही विकत घेतल्याशिवाय एक वसंत देसाई पुरा होत नाही.

या विभागणीने कळण्यासारखी गोष्टही कळेनाशी होते. 'गुड्डी'मुळे वाणी जयराम एकाएकी पुढे आल्या असे हिंदी रसिक समजतो. परंतु देसाईंनी त्यांना त्याआधीच मराठीत गायला लावले होते, आणि तेही कुमार गंधर्वांबरोबर, बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकातल्या ऋणानुबंधाच्या गाण्यात. आमच्या शेजारी देवासला राहणारा, फार थोडी नाट्यगीते गायिलेला महान गवई आणि चित्रपटसृष्टीला अपरिचित अशी एक तमिळ गायिका, या दोघांना मराठी नाट्यगीतात एकत्र आणण्याचे धाडस ज्याने केले, त्यानेच पुढे तिला मिया मल्हार आणि केदार देऊन हिंदीत उभे केले. ही एकच रेषा आहे. मधोमध भाषेची भिंत घातली की दोन्ही टोके अर्थहीन होतात. तीच गोष्ट मद्रासकडची. १९६६ साली संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी कांचीच्या परमाचार्यांचे जे संस्कृत शांतिगीत गायिले, त्याची चालही देसाईंची. ते तर कोणत्याच कप्प्यात बसत नाही.

देसाईंची एकतर्फी भलामण करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ते शांतारामबापूंची सावली होते. 'गूँज उठी शहनाई', 'आशीर्वाद', 'गुड्डी', 'अचानक' ही राजकमलबाहेरची नावे त्याला पुरेसे उत्तर देतात. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. शंकर-जयकिशन किंवा सी. रामचंद्र यांच्याकडे जो नटवा हलकेपणा, जो तारुण्याचा उनाडपणा आहे, तो देसाईंकडे फारसा नाही. त्यांच्या प्रेमगीतांनाही सोवळ्याचा वास येतो. 'झनक झनक'मधली काही वाद्यरचना इतकी भरगच्च आहे की पडद्यावरचे रंग आणि कानांवरचे सूर दोन्ही मिळून माणूस थकतो. 'कुंकू'तला संयम ते तेथे विसरले, असे मला वाटते. शिवाय सगळेच पार्श्वसंगीत सुटे ऐकण्याच्या योग्यतेचे असते असेही नाही. पुष्कळसे निव्वळ गरजेपुरते असते. म्हणूनच निवड करणारा जाणता संपादक हवा. सरसकट सारे बाहेर काढून भागणार नाही.

मग हे होणार कसे? येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेचे नामांकित चित्रपटसंगीतकार बर्नार्ड हरमन हे देसाईंपेक्षा एका वर्षाने मोठे. आणि ते वारले २४ डिसेंबर १९७५ रोजी, देसाईंनंतर अवघ्या दोन दिवसांनी. हरमन यांनी मुख्यतः पार्श्वसंगीतच लिहिले. आज त्यांच्या रचना पुन्हा वाजवल्या जातात, नव्याने मुद्रित होतात, सभागृहात लोक तिकीट काढून ऐकतात. कारण त्यांची लिखित स्वरलिपी शिल्लक आहे. आपल्याकडे वादकांसाठी लिहिलेले कागद काम झाले की बहुधा रद्दीत गेले. संवाद, आवाज आणि संगीत यांचे मिश्रण होऊन एकच पट्टी तयार झाली की मूळ संगीताची पट्टी जपण्याचीही रीत नव्हती. राहिली ती चित्रपटाची प्रत, आणि संवादांच्या खाली दबलेले संगीत.

तरीही वाट बंद नाही. मिश्र ध्वनीतून एकेक आवाज वेगळा काढण्याचे तंत्र आता संगणकाने साधले आहे. जुन्या घरगुती ध्वनिफितीवरून जॉन लेनन यांचा आवाज असाच सोडवून २०२३ साली बीटल्सचे गाणे बाहेर आले. कायद्याची बाजूही पाहावी. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा आणि चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे 'श्यामची आई', 'झनक झनक', 'दो आँखें', 'गूँज उठी शहनाई' यांच्या मूळ मुद्रणांवरचा तो हक्क २०१९ अखेरपर्यंत एकेक करून संपला. रचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. देसाईंच्या बाबतीत तो २०३५ अखेर संपेल. तोवर त्या हक्काच्या धन्याची परवानगी लागणार. तेव्हा एखाद्या कंपनीने मनावर घेण्याची वाट पाहण्यापेक्षा संग्राहकांनी आतापासून पूर्वतयारी केलेली बरी. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या मंडळींनी जुन्या तबकड्यांची नोंद कशी ठेवायची याचा पाया घातलाच आहे. तसेच चित्रपटांच्या प्रतींचेही व्हावे. कोणत्या चित्रपटात कोठून कोठपर्यंत सलग वाद्यसंगीत आहे, वादक कोण, राग कोणता, एवढी यादी जरी तयार झाली तरी अर्धे काम झाले. चित्रपट आज मोबाईलवरही पाहता येतात. हे काम निवृत्त माणसेही घरबसल्या करू शकतील. मात्र जी प्रत पुढे येते ती पुष्कळदा कापलेली असते, आणि कात्री प्रथम श्रेयनामावलीवर आणि तिच्या संगीतावरच चालते. म्हणून जेथे जेथे मूळ प्रत असेल, तेथे तिची ध्वनिपट्टी आधी उतरवून घ्यायला हवी.

आणि संच निघेल तेव्हा तो एकच निघावा. त्यात 'अमर भूपाळी'शेजारी 'गूँज उठी शहनाई' असावी, कुमारजींशेजारी वाणी जयराम असाव्यात, शेवटी 'अचानक'चे शब्दांविना संगीत असावे. सोबतची पुस्तिका दोन्ही भाषांत असावी. १९५२ च्या कान महोत्सवात 'अमर भूपाळी'च्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला होता. जो ध्वनी परदेशी परीक्षकांच्या कानांत भरला, तो आपल्या मुलांना नीट ऐकायला मिळू नये, हे बरे नव्हे.

मध्य प्रदेश शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार १९८४ पासून दिला जातो. पहिल्या वर्षी तो नौशादसाहेबांना मिळाला. देसाई त्याआधीच गेले होते. पुरस्कार त्यांना आता देता येणार नाही. पण ज्या शाळांत त्यांच्या प्रार्थना होतात, तेथे फळ्यावर गीतकाराच्या नावाखाली संगीतकाराचेही नाव लिहिता येईल. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, खर्चही नाही. पुनर्प्रकाशनाची मागणी करणाऱ्यांची संख्या वाढायची असेल, तर ज्यांना हे सूर रोज तोंडपाठ आहेत त्यांना आधी ते कोणाचे हे कळायला हवे.